रोजवही वेगळी, विचारवही वेगळी

बचत गटाच्या पंचसूत्रीतलं एक सूत्र आपल्याला पाठ आहे, वह्या अद्ययावत ठेवा. पण लिहिलेलं पुन्हा वाचतो का आपण?

समजा, आपला गट जळोचीत पापड, शेवया, मसाला विकतो. रोजची विक्री, खर्च, उधारी घडेल तशी रोजवहीत लिहायची. त्यात खाडाखोड नको. पण शेवयांच्या मशिनसाठी कर्ज काढावं का, हे त्या गर्दीत सापडत नाही. त्यासाठी दुसरी वही करा. प्रत्येक मालाला एक पान, महिन्याला एक ओळ: किती विकला, खर्च किती, उधारी किती, उरला किती. आपली मजुरीही खर्चात धरा. माप किलोचं, तर कायम किलोचंच. मोठ्या कंपन्याही संगणकावर रोजच्या नोंदी वेगळ्या आणि अभ्यासाचा साठा वेगळा ठेवतात.

नुसतं मोबाइलवर ठेवलं, तर मोबाइलबरोबर हिशेबही हरवतो. म्हणून पानांचे फोटो दुसऱ्या मैत्रिणीकडेही ठेवा. वही पुरेनाशी झाली, की मग संगणक.

कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी शेवयांचं पान उघडा. खप खूप आणि शिल्लक काहीच नाही, असं दिसलं तर थांबा.