चेंग्दूची न्याहारी

चीनमधील चेंग्दू शहरीं परदेशी प्रवासी सकाळीं न्याहारीस निघतो. एका गाडीवर मोदकासारखे, वाफेंत शिजविलेले बाउझ असतात. तो शंभर युआनची नोट पुढें करतो. विक्रेती ती नाकारीत नाहीं, कायद्यानें तसें करतांही येत नाहीं. पण तिच्याजवळ मोड नसते. ती गाडीला टांगलेल्या काळ्यापांढऱ्या चौकोनाकडे बोट दाखविते. मौज ही कीं, जगांतील पहिलें सरकारी कागदी चलन इ. स. १०२४ मध्यें निघालें तें याच शहरीं. लोखंडी नाण्यांचें ओझें व्यापाऱ्यांना सोसेना म्हणून!

तो चौकोन मोबाइलनें टिपावा, रक्कम घालावी, कीं पैसे पोंचले. जुलै २०२३ पासून ‘अलीपे’ व ‘वीचॅट पे’ यांना परदेशी कार्डें जोडणें पुष्कळ सोपें झालें. तेव्हांच्या नियमाप्रमाणें दोनशे युआनपर्यंतच्या खरेदीस अधिभार नव्हता. वरच्या रकमेस शेंकडा तीन होता. कार्डाची जोडणी मात्र घरूनच उरकावी. बँकेचा पडताळणीचा आंकडा घरच्या क्रमांकावर येतो, आणि परदेशांत तो क्रमांक पुष्कळदां मुकाच! शिवाय संध्याकाळीं बॅटरी संपली कीं थैलीच बंद. सराईत प्रवासी म्हणून पांच-दहा युआनच्या सुट्या नोटाही जवळ बाळगतो. त्यांवर बाउझ मिळतात, आणि विक्रेतीला मोडही शोधावी लागत नाहीं.