शून्याच्या रकान्यातील बाई
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



विमा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयावर मी बोलावे असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मला हसू आले. मी सातवी शिकलेली बाई. माझे गणित वाण्याच्या यादीपलीकडे गेलेले नाही. पण यंदा हा विषय आपण होऊन माझ्या दाराशी आला. तीच हकीकत सांगते.

गेल्या श्रावणात माझ्या नावे विमा उतरवावा असे घरात ठरले. घर ह्यांच्या पगारावर चालते हे खरे. पण उद्या मी नसले तर मुलांचे डबे, सासूबाईंचे पथ्यपाणी, घरची उस्तवार हे सारे पैसे मोजूनच करून घ्यावे लागेल. मुलाने मोबाइलवर फॉर्म उघडला. वय, वजन, आजार सारे भरले. शेवटी प्रश्न आला, वार्षिक उत्पन्न किती? मुलगा माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटले, "शून्य घाल." तत्क्षणी उत्तर आले, आपण पात्र नाही. कारण दिलेले नाही, विचारावयास समोर माणूस नाही. बावीस वर्षांचा संसार त्या एका शून्यात गेला. त्या रात्री मला जेवण गेले नाही.

माझ्या नणंदेची मुलगी मुंबईत विमागणिताच्या परीक्षा देते. या शास्त्रातील जाणत्यांना अ‍ॅक्चुअरी म्हणतात. दिवाळीला ती आली तेव्हा मी तिला विचारले, "बाई ग, तुझ्या शास्त्रात माझी किंमत शून्यच का?"

ती म्हणाली, "मामी, विमा म्हणजे तुमच्या मंडळाचा मदतनिधीच. सगळ्यांनी थोडे थोडे घालायचे आणि जिच्यावर प्रसंग येईल तिला द्यायचे. तुम्ही एकमेकींना ओळखता. कंपनी लाखो माणसांना कशी ओळखणार? म्हणून तक्ते करतात." १६९३ साली एडमंड हॅले यांनी (धूमकेतूला ज्यांचे नाव आहे तेच हे) ब्रेस्लाऊ शहरातील जन्ममृत्यूच्या नोंदींवरून कोणत्या वयाची किती माणसे उरतात याचा तक्ता केला. तेव्हापासून माणसे वह्या घेऊन हीच आकडेमोड करीत आली.

आता ते काम यंत्र करू लागले आहे. लाखो जुने कागद वाचून कोणाला किती धोका हे ते स्वतः ताडते. गाडीचा फोटो पाहून खर्चाचा अंदाज सांगते. जपानात २०१७ साली एका विमा कंपनीने दाव्यांचे कागद तपासणाऱ्यांच्या ३४ जागा कमी करून ते काम यंत्राकडे दिले. अमेरिकेत जॉन हॅन्कॉक कंपनीने २०१८ साली आयुर्विम्याला मनगटावरच्या घड्याळाची जोड दिली, चालणाऱ्याला सवलत.

"मग तुझी नोकरी राहणार का ग?" मी विचारले. ती म्हणाली, "आकडेमोड जाईल, मामी, जबाबदारी जाणार नाही. यंत्राने दिलेला दर न्याय्य आहे का हे पाहून खाली सही माणसालाच करावी लागते." मला नाकारणारी ती नुसती चाळणी होती, असेही तिने सांगितले. पण शिकणारे यंत्र जुन्या वह्यांवरूनच शिकते, आणि वहीत शून्य असेल तर तेही शून्यच शिकते.

तिने एक दाखला दिला. इंग्रजी अमलात विमा कंपन्या आपल्या माणसांकडून गोऱ्यांपेक्षा जादा हप्ता घेत. १८७० च्या सुमारास मुंबईत बॉम्बे म्युच्युअल निघाली आणि तिने आपल्या लोकांचा विमा नेहमीच्याच दराने उतरविला. त्या जुन्या वह्या यंत्राला दिल्या असत्या तर ते म्हणाले असते, हिंदी माणसाला जादाच दर योग्य! माणसाने हा अन्याय ओळखला.

आपला हिशेबही न्यायालयाने मांडला आहे. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने एका आगीच्या दुर्घटनेत गेलेल्या गृहिणींच्या कामाची किंमत महिना ३००० रुपये धरली. २०२१ साली एका अपघाताच्या खटल्यात पुन्हा सांगितले की, गृहिणीचे काम हिशेबात धरलेच पाहिजे. २०१९ च्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला २९९ मिनिटे जातात असे आढळले आणि पुरुषाची ९७. मग आपले शून्य कसे?

मला दुसरीही भीती वाटते. यंत्राने प्रत्येकाचा धोका अगदी नेमका काढला, तर निरोग्याला स्वस्त आणि आजाऱ्याला महाग असे होईल. मग एकमेकांचा भार उचलणे राहिले कोठे? जिच्या घरी आजार जास्त तिच्याकडून आपण निधीला जास्त वर्गणी मागतो काय? युरोपात २०२४ च्या कायद्याने आयुर्विमा व आरोग्यविमा यांतील धोका व दर ठरविणारी यंत्रबुद्धी जास्त जोखमीची धरली आहे आणि तिच्यावर माणसाची देखरेख सांगितली आहे. हे मला पटले.

माझे पुढे काय झाले? भाचीच्या सांगण्यावरून आम्ही दुसऱ्या एका कंपनीच्या कचेरीत गेलो. तेथील बाईंनी ह्यांचे उत्पन्न आणि ह्यांची पॉलिसी पाहून माझा विमा उतरविला. मी समोर बसले होते म्हणून त्यांना मी दिसले.

तेव्हा भगिनींनो, तीन गोष्टी लक्षात ठेवा. फॉर्म खरा भरा, जुना आजार लपवू नका. आयुर्विम्याची पॉलिसी तीन वर्षे चालली की मग कंपनीला तिच्यावर आक्षेप घेता येत नाही, पण तोवर घेता येतो. नकार आला तर कारण लेखी मागा. दाव्याबाबत कंपनीकडे तक्रार करूनही महिन्यात उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. त्यांची कार्यालये मुंबईस व पुण्यास आहेत. फी नाही, वकील लागत नाही.

यंत्राशी आपले वैर नाही. मिक्सर आला म्हणून आपण रडलो नाही. पण मिक्सरमध्ये काय घालायचे हे आपण ठरवितो. यंत्राच्या वहीत काय लिहावयाचे, हेही आपण विचारले पाहिजे.