कोळशाचं डिझेल आणि विहिरीचं पाणी
(पूर्णगड येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



मुचकुंदीच्या मुखाशी बसून कोळशाबद्दल बोलायचं, तर आधी आपल्या पायाखाली पाहू. रत्नागिरीच्या किनारपट्टीवर जांभ्याचा थर संपला की काही ठिकाणी चिकणमाती लागते आणि तिच्यात लिग्नाइट सापडतो. एकोणिसाव्या शतकापासून त्याच्या नोंदी आहेत आणि पुढे संशोधकांनी त्यातले परागकणही तपासले. पण हे थर पातळ आणि तुटक आहेत, खाण काढण्याजोगे नाहीत. महाराष्ट्राचा खरा कोळसा विदर्भात आहे: बल्लारपूर, घुग्घुस, वणी, उमरेड. तो पंचवीस कोटी वर्षांहून जुना आहे.

नाणार आणि पुढे बारसूच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पावरून आपला शेजारचा राजापूर तालुका ढवळून निघाला. तेव्हापासून एक युक्तिवाद कानावर येतो. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून अधिक आपण परदेशातून घेतो. कोळसा मात्र घरचा आहे. मग तो जमिनीतच पेटवून, वर न काढता, त्याचं डिझेल का करू नये? ज्याची होडी डिझेलवर चालते त्याने हे विचारणं अगदी रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

कोळसा आणि डिझेल, दोन्हींत मुख्य घटक कार्बन आणि हायड्रोजन. फरक प्रमाणाचा आहे. डिझेलमध्ये कार्बनच्या एका अणूमागे हायड्रोजनचे साधारण दोन अणू असतात, दगडी कोळशात एकसुद्धा पुरता नसतो. कमी पडणारा हायड्रोजन आणायचा कुठून? पाण्यातून. तापलेल्या कोळशावर वाफ सोडली की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचं मिश्रण मिळतं. फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी 1925 च्या सुमारास जर्मनीतल्या म्युलहाइमला हे मिश्रण धातूच्या उत्प्रेरकावरून नेऊन त्यातून द्रव इंधन मिळवलं. म्हणजे हे रसायनशास्त्र शंभर वर्षांचं आहे, त्यात शंका घेण्यासारखं काही नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीची विमानं बहुतांशी कोळशापासून केलेल्या पेट्रोलवर उडाली, जरी ते वेगळ्या, बर्गियसच्या पद्धतीने केलेलं होतं. दक्षिण आफ्रिकेत सासोल कंपनीने 1955 पासून कोळशाचं तेल काढलं. चीनने 2016 मध्ये निंगशिया स्वायत्त प्रदेशात वर्षाला 40 लाख टन क्षमतेचा कारखाना सुरू केला. युद्ध, बहिष्कार किंवा त्यांची धास्ती, यांपैकी काहीतरी प्रत्येकाच्या मागे होतं. स्वस्त पडतं म्हणून हा मार्ग कुणी धरलेला नाही.

आता जमिनीखालच्या जाळाकडे येऊ. दोन बोअर मारायच्या. एकीतून हवा किंवा प्राणवायू आणि वाफ आत सोडायची, कोळशाचा थर पेटवायचा, आणि तयार झालेला वायू दुसरीतून वर घ्यायचा. माणूस खाणीत उतरत नाही, राख खालीच राहते. भारतीय कोळशात राख भरपूर असल्याने हा फायदा खरा आहे, तो मी नाकारत नाही. उझबेकिस्तानातल्या आंग्रेनला 1961 पासून असा वायू काढला गेला. आपल्याकडे गुजरातमधल्या वस्तानला ओएनजीसीने तयारी केली. केंद्राने 2015 मध्ये धोरण आणलं. नागपूरच्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या क्षेत्रातला, छिंदवाडा जिल्ह्यातला थेसगोरा हा पट्टाही त्यासाठी निवडला गेला होता. जून 2024 मध्ये झारखंडच्या जामताडा जिल्ह्यात कास्ता इथे प्रायोगिक काम सुरू झालं.

सगळी गोम पाण्यात आहे. कोळशाचा थर बहुधा भूजलाच्या पातळीखाली असतो. आतल्या वायूचा दाब भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा कमी ठेवला, तर पाणी आत झिरपतं आणि वायू बाहेर पडत नाही. उत्पादन वाढवायच्या घाईत दाब वाढवला, तर वरचा खडक तडकतो आणि बेंझीन, फिनॉलसारखी विषारी द्रव्यं पाण्यात आणि मातीत शिरतात. हे ऑस्ट्रेलियात घडून गेलं आहे. क्वीन्सलँडमधल्या चिंचिला इथे लिंक एनर्जी या कंपनीने अशा वायूपासून डिझेलही तयार केलं होतं. मग शेतजमिनीत वायू सापडू लागला. सुमारे 300 चौरस किलोमीटरच्या टापूत शेतकऱ्यांना दोन मीटरपेक्षा खोल खणायला मनाई झाली. 2016 मध्ये कंपनी बुडाली, राज्याने या पद्धतीवर बंदी घातली आणि 2018 मध्ये न्यायालयाने कंपनीला 45 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. बुडालेल्या कंपनीकडून तो वसूल तरी कसा होणार! भूमिगत भट्टी वरच्या कारखान्यासारखी बटण दाबून बंद करता येत नाही, आणि नासलेलं भूजल धुऊन काढता येत नाही.

आपल्याकडे विदर्भाच्या कोळसापट्ट्यात, चंद्रपूरची माणसं खाणींच्या पोकळीवर आधीच राहत आहेत. ऑगस्ट 2022 मध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक आख्खं घर जमिनीत गेलं. तिथे जमिनीखाली कोळसा जाळून नवी पोकळी कुणाच्या भरवशावर करायची? वरच्या पाण्याचीही ओढाताणच आहे. इरई धरण आटल्यामुळे 2010 मध्ये चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचे संच बंद ठेवावे लागले होते. कोळशाच्या एका पिंप तेलामागे ढोबळमानाने पाच-सात पिंपं पाणी लागतं. शिवाय वाफेकडून हायड्रोजन घेताना कार्बनचा मोठा भाग कार्बन डायॉक्साइड होऊन निघून जातो. त्यामुळे हे डिझेल खनिज तेलाच्या डिझेलपेक्षा हवेत जवळजवळ दुप्पट कार्बन सोडतं. तापणाऱ्या समुद्राची झळ मासेमारीला किती बसते, हे इथे मी सांगायला नको.

माझं मत स्पष्ट आहे. जमिनीखाली जाळ लावून डिझेल करण्याच्या वाटेला महाराष्ट्राने जाऊ नये. खणून काढलेल्या कोळशाचं वर, बंद भट्टीत वायूकरण करून खत किंवा मिथेनॉल बनवणं ही निराळी गोष्ट आहे. तिथे गळती दिसते, मोजता येते, थांबवता येते. केंद्राने जानेवारी 2024 मध्ये कोळशाच्या वायूकरणासाठी 8,500 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्याआधी 2023 मध्ये दावोसला चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीच्या वायूकरण प्रकल्पाचा करारही झाला. त्याला माझा सरसकट विरोध नाही, पण पाणी कुठून घेणार आणि सांडपाणी कुठे सोडणार हे आधी कळलं पाहिजे.

आपल्याकडे जांभ्यात पाणी टिकत नाही. एप्रिल-मेमध्ये विहिरीचा तळ दिसू लागला की घराघरात काय होतं, हे ठाऊक असलेल्या लोकांसमोर मी बोलतो आहे. म्हणून विनंती करतो. चंद्रपूरकडच्या वर्धा खोऱ्यात भूमिगत जाळाचा कोणताही प्रस्ताव पुढे आला, तर पहिली बोअर मारण्याआधी आसपासच्या प्रत्येक गावच्या विहिरींचं पाणी तपासा आणि ते आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावा, ही मागणी चंद्रपूरकरांबरोबर आपणही केली पाहिजे. पूर्णगडच्या ग्रामसभेने तसा ठराव करून पाठवावा.