चित्रपट करता करता यंत्रविद्या

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात कोगनोळी येथे शिक्षण समितीतर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आमच्या विद्यार्थ्यांनी तयार केलेला नऊ मिनिटांचा लघुपट आपण आताच पाहिलात. विडी वळणाऱ्या आपल्याच गावातील एका आजींच्या कामाचा तो पट आहे. तो कसा तयार झाला ते सांगावे, आणि महोत्सवी निधीतून मोठा कॅमेरा खरेदी करावा की काय, या सभेपुढील प्रश्नावर शिक्षण समितीचे मत द्यावे, अशी दोन कामे आमच्याकडे सोपविण्यात आली आहेत.

या विषयावर संस्थेत दोन मते आहेत हे सर्वांना ठाऊकच आहे. काही ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे की, मोबाइलने मुले आधीच बिघडत आहेत, त्यात संस्थेने भर का घालावी? उलट काही तरुण सभासद म्हणतात की, करायचेच तर भारी यंत्रसामग्री आणून करावे, नाहीतर हसे होईल. दोन्ही शंका आस्थेपोटी आहेत. त्यांना उत्तर देण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. आपल्या परिसरात याआधी काय घडले तेवढे पाहिले म्हणजे पुरे.

प्रथम दादासाहेब फाळके यांची गोष्ट घेऊ, कारण सगळ्यांनीच त्यांच्यापासून धडा घेतला. 1912 साली ते लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले. पण कॅमेरा आला म्हणून भांडवल कोण देणार? तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची एकेक चौकट टिपून, रोप डोळ्यांदेखत उगवते आहे असा चिमुकला पट तयार केला. त्या छोट्या कामात त्यांचा हातही बसला आणि पैसे देणाऱ्यांची खात्रीही पटली. सरस्वतीबाई फाळके रात्री जागून कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडीत, ती धुण्याचे काम करीत. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला, त्यामागे असे घरातले शिक्षण होते.

आता आपल्या शेजारी या. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे मूळचे मेस्त्री घराण्यातले. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविणे हा त्यांचा व आनंदराव पेंटर यांचा व्यवसाय. दोघांना चित्रपटाचा ध्यास लागला. 1916 साली आनंदराव वारले. बाबूरावांनी नाद सोडला नाही. विष्णुपंत दामले या शिष्याला हाताशी धरून त्यांनी खटपटीने 1918 साली स्वतः जुळविलेला कॅमेरा चालता केला. विलायती यंत्र विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून ते यंत्र आतून समजून घ्यावे लागले. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' 1920 साली पुण्यात झळकला. त्याच वर्षी शांताराम वणकुद्रे नावाचा कोल्हापूरचा एक पोरगा पडेल ते काम करण्याच्या बोलीवर कंपनीत आला. पुढे 1929 साली दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी 'प्रभात' काढली. बोलपटांचे युग येताच दामल्यांनी ध्वनिमुद्रणाची बाजू अंगावर घेतली. यांपैकी कोणी चित्रपटाच्या शाळेत गेले नव्हते, कारण तशी शाळाच नव्हती. गंमत अशी की, 1960 साली सरकारने पुण्यात चित्रपट शिक्षणाची संस्था काढली, ती नेमकी प्रभातच्याच जागेत.

आणखी एक गोष्ट आज अगत्याने सांगितली पाहिजे. बाबूरावांच्या कंपनीला भांडवल दिले ते तानीबाई कागलकर या गायिकेने. कागल म्हणजे दूधगंगेच्या पुलापलीकडचे आपले शेजारगाव. ज्यांच्या नावावर तोवर एकही पूर्ण चित्रपट नव्हता अशा माणसांवर एका कलावतीने आपले पैसे लावले. धर्मादाय संस्थेच्या महोत्सवात या बाईंचे स्मरण झाले नाही तर कुठे व्हावे?

आता आमच्या मुलांविषयी. फाळक्यांची गोष्ट सांगून आम्ही मुलांकडून चवळी पेरून घेतली. फोनमध्ये अशा चित्रणाची आयती सोय असते, पण ती वापरायची नाही असे ठरले. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला एक, याप्रमाणे दिवसाला 12 छायाचित्रे, आणि ती 20 दिवस. झाली 240. सेकंदाला 24 चौकटी या हिशेबाने पडद्यावर ती बरोबर दहा सेकंद टिकली! एका मुलीने वहीत लिहिले, 'वीस दिवस राबलो, दहा सेकंद मिळाले.' सेकंदाची किंमत त्यानंतर कुणाला समजावून सांगावी लागली नाही.

मग मुले आजींच्या घरी गेली. उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन आजी बसत. पाठीमागे उघडे दार, बाहेर लख्ख ऊन. फोनने उन्हाचा अंदाज घेतला आणि आजींचा चेहरा काळा पडला. फोन सरासरी उजेड मोजतो, माणूस ओळखून उजेड वाटत नाही, हे तेथे कळले. चेहऱ्यावर बोट दाबून धरले की प्रकाशाचे माप तेथेच स्थिर राहते, हा एक उपाय. दुसरा उपाय त्याहून सोपा निघाला: आजींना दाराकडे तोंड करून बसविले आणि बाजूला एक धुतलेले पांढरे धोतर ताणून धरले, म्हणजे परतलेला उजेड हातांवर पडू लागला. विजेचे दिवे हाताशी नसताना मूकपटांचे चित्रण सूर्यप्रकाशावरच चाले, आणि कडक ऊन नरम करण्यासाठी पांढरी कापडे ताणीत. शंभर वर्षांपूर्वीची ही युक्ती आमच्या मुलांच्या हाती अशी आली.

खरी अडचण आवाजाची होती. पुणे-बेंगळूरु महामार्ग आपल्या गावावरून जातो आणि मालमोटारींना रात्र नाही की दिवस नाही. पहिल्या दिवशीचे चित्रण ऐकले, तर आजींच्या बोलण्यापेक्षा हॉर्नच अधिक. कान नको तो आवाज बाजूला सारतो. यंत्राला ते साधत नाही. मुलांनी दोन उपाय केले. बोलणे टिपण्यासाठी आजींना मागच्या खोलीत नेले आणि भिंतींना वाकळा टांगल्या, त्यामुळे घुमणारा आवाज दबला. दुसरा फोन केवळ आवाजासाठी आजींच्या अगदी जवळ ठेवला. पण दोन यंत्रांवरचे चित्र व आवाज जुळवायचे कसे? सुरुवातीला एकाने टाळी वाजवावी. हात जेथे मिळाले ती चौकट आणि आवाजातला तो कडाका एकमेकांवर बसवावा. मोठ्या चित्रपटांतली लाकडी पाटी याचसाठी वाजवितात.

तीन तासांचे चित्रण जमले, त्यातून नऊ मिनिटे निवडायची. जुळणी झाल्यावर मुलांनी पहिला खर्डा आजींनाच दाखविला. त्या शांतपणे पाहत होत्या. मध्येच म्हणाल्या, "बाळांनो, आधी पान कातरलंसा आणि मग भिजवलंसा? कोरडं पान कातरीला येतंय व्हय? तुकडं पडत्यात." मुलांनी क्रम बदलला. आधी पान भिजविणे, मग पत्र्याच्या मापाने कातरणे, तंबाखू भरणे, वळणे, तोंड मुडपणे, दोरा बांधणे. क्रम सुधारला तसा पट एकदम समजू लागला. संकलन म्हणजे तुकडे सुबक जोडणे एवढीच तोवर मुलांची समजूत होती. कामाचा क्रम ज्याला माहीत तोच खरा संकलक, हे त्यांना विडी कामगार आजींनी शिकविले.

असे आपल्या भागात प्रथमच घडले असे मात्र नाही. बेंगळूरुच्या 'युगांतर' या स्त्रियांच्या पुढाकाराने चालणाऱ्या चित्रपट गटाने 1982 साली निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवर 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा पट केला. त्या मंडळींनी या स्त्रियांबरोबर चार महिने घालविले, त्यांचे ऐकून घेतले, आणि काय दाखवायचे ते त्यांच्याशी बोलून ठरविले. निपाणी तर आपला रोजचा बाजार! आपल्या आयाबहिणींनी एका पटाला असा आकार दिला, हे येथील मुलांना ठाऊक असलेच पाहिजे.

पटाखाली कन्नड अक्षरे आपण पाहिलीत. ती कन्नड माध्यमात शिकणाऱ्या आपल्याच मुलींनी बसविली. वाक्य पडद्यावर किती वेळ ठेवावे याचा वाद त्यांच्यात दोन दिवस चालला. शेवटी शेजारच्या एका काकूंना वाचायला बसविले आणि त्यांचे वाचून होईतो ओळ ठेवायची असे ठरले. आजींचे मराठी बोलणे कन्नड वाचणाऱ्या घरापर्यंत गेले, हे सीमेवरच्या गावात लहान काम नव्हे.

आता समितीचे मत. मोबाइलने मुले बिघडतात या म्हणण्यात तथ्य आहे, कारण तो बहुधा त्यांच्या हाती काम नसताना असतो. काम असले की तोच फोन मोजपट्टीसारखा वापरला जातो, हे आम्ही पाहिले आहे. म्हणून आमची पहिली शिफारस अशी की, मोठा कॅमेरा आज घेऊ नये. सध्या एक तिपाई, आवाजासाठी एक चांगला मायक्रोफोन, आणि चित्रणाच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवता येतील अशी साठवणीची दोन साधने, एवढे पुरे. पुढे एखादा पट फोनच्या मर्यादेत मावेनासा झाला आणि मुलांनी स्वतः कारणासह कॅमेरा मागितला, तर तेव्हा संस्थेने हात आखडता घेऊ नये.

दुसरी शिफारस अधिक महत्त्वाची आहे. निधीचा मोठा भाग दरवर्षी एक पट करण्यासाठी राखून ठेवावा आणि त्याचा विषय आपल्या गावातील एखादे काम असावा. वखारीतली तंबाखू, गुऱ्हाळ, वाकळ शिवणे, असे कितीतरी विषय आहेत. त्यातून ज्यांचे काम टिपले जाईल त्यांच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई व्हावी, कारण आजींनी आमच्यासाठी तीन दिवस कमी विड्या वळल्या, आणि विडीची मजुरी हजारावर मोजतात. पट बाहेर दाखविण्यापूर्वी त्यांना दाखवून त्यांची संमती घेतलीच पाहिजे, हा नियमही संस्थेने घालून द्यावा.

विलंब मात्र करू नये. ज्यांच्या हातांत ही कामे आहेत ती माणसे आता सत्तरीच्या पुढे गेली आहेत, आणि त्यांच्या सुनामुली विडीऐवजी दुसरे काम शोधीत आहेत. तसे त्यांनी शोधावे, विडीच्या धुळीत कुणाचे आयुष्य जावे असे आम्हांला वाटत नाही. पण ज्या हातांनी घरे चालविली, मुले शिकविली, ते हात कसे चालत होते याची नोंद आपल्याजवळ असावी. ती नोंद करता करता आपली मुले यंत्र शिकतील, आणि कामाची किंमतही शिकतील.

तानीबाईंनी विश्वास टाकला तो होतकरू माणसांवर. आपल्या सभेनेही आज तसाच ठराव करावा, अशी समितीची विनंती आहे.