खानेसुमारी आणि आम्ही विद्यार्थी

(एका वसतिगृहाच्या स्नेहसंमेलनात विद्यार्थ्यांच्या वतीने झालेले भाषण.)



आम्हांस बोलण्याची आज्ञा झाली तेव्हा काही वडीलधाऱ्या मंडळींनी प्रेमाने सुचविले की, विद्यार्थ्यांनी अभ्यासाविषयी बोलावे, राजकारणात पडू नये. सूचनेमागील मायेबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत, पण सूचना पाळणे आम्हांस शक्य नाही. ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ सालापासून अठरा वर्षे पुरी झालेल्या प्रत्येकाच्या हाती मत आले. ज्याच्या हाती मत दिले त्याने मत बनवू मात्र नये, हा कोठला न्याय? शिवाय आम्ही राजकारणात पडलो नाही तरी राजकारण आमच्या ताटात पडतेच. फीचा आकडा, शिष्यवृत्तीचा हप्ता, प्रवेशयादीचा टक्का, भरतीची जाहिरात, हे सारे तेथूनच येते.

हल्ली आम्हा तरुणांत सर्वांत कडू वाद कोणता म्हणाल तर राखीव जागांचा. मराठा विरुद्ध इतर मागास, इतर मागासांतही थोरल्या जाती विरुद्ध धाकट्या, आणि या सर्वांकडे पाहून 'गुणवत्ता बुडाली' म्हणणारे निराळेच. एका पंगतीस जेवणारी, एका खोलीत दिवा जाळणारी पोरे रात्री मोबाइलवर एकमेकांच्या जातीची उणीदुणी काढताना आम्ही पाहतो. कोणता पक्ष खरा, याचा निवाडा करावयास आम्ही उभे नाही. आमचे म्हणणे एवढेच की, हे भांडण अंधारातले आहे. वाटणीवरून भांडणाऱ्या भावांनी आधी सातबारा काढावा, मोजणी करून घ्यावी, आणि मग काय भांडावयाचे ते भांडावे. येथे मोजणी झालेलीच नाही!

इंग्रज सरकार १८८१ पासून दर दहा वर्षांनी खानेसुमारी करी व तीत प्रत्येकाची जात लिही. पूर्ण जातवारी प्रसिद्ध झाली ती शेवटची १९३१ साली. १९४१ साली लढाई आड आली. स्वराज्य आल्यावर १९५१ पासून अनुसूचित जाती व जमाती तेवढ्या मोजावयाच्या, बाकीच्यांची जात विचारावयाची नाही, असे ठरले. हेतू चांगला असेल. न विचारल्याने जात मरेल, अशी त्या थोर लोकांची समजूत असेल. परंतु लग्नाच्या जाहिरातीत, निवडणुकीच्या तिकिटात आणि गावच्या स्मशानात ती होती तशीच राहिली. नाहीशी झाली ती फक्त सरकारी कोष्टकातून. कालेलकर आयोगाने १९५५ साली अहवाल दिला व पुढील खानेसुमारीत जात मोजावी असे सुचविले. तो अहवाल दप्तरात पडला. मंडल आयोगाने १९८० साली मागासवर्गीयांचा ५२ टक्के हा आकडा काढला तो कशाच्या आधारे? १९३१ च्या खानेसुमारीच्या! त्या वर्षी ब्रह्मदेश हिंदुस्थानच्या कारभारात होता आणि पाकिस्तान कोणाच्या नकाशावर नव्हते. पणज्याच्या अंगाचे माप घेऊन पणतवाला सदरा शिवावा, तशातला हा प्रकार.

आकडा हाती असला म्हणजे काय घडते, हे कोल्हापूरकरांस सांगावयास नको. १८९४ साली शाहू छत्रपतींच्या हाती कारभार आला तेव्हा संस्थानच्या ७१ अधिकारपदांपैकी ६० एकट्या ब्राह्मण जातीकडे होती, ही मोजदाद उपलब्ध होती. २६ जुलै १९०२ च्या, निम्म्या जागा मागासलेल्यांस राखून ठेवणाऱ्या जाहीरनाम्यामागे ती मोजदाद उभी होती. महाराजांस कोणी 'आपण जातिभेद वाढविता' असे म्हटले नाही असे नाही. पण आकडा खोटा आहे असे कोणास म्हणता आले नाही.

आता आकडा नसला म्हणजे काय घडते ते पाहा. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, स्थानिक स्वराज्य संस्थांत इतर मागासांस जागा राखावयाच्या तर त्यांच्या मागासलेपणाची प्रत्यक्ष माहिती आणा. माहिती कोठून आणणार? तेव्हा राज्य सरकारने २०२२ साली बांठिया आयोग नेमला, आणि मतदारयादीतील आडनावांवरून जात ओळखण्याचा उद्योग सुरू झाला. आडनावावरून! जाधव, पवार, मोरे, शिंदे, गायकवाड ही आडनावे महाराष्ट्रात किती जातींत आहेत हे पाटीलवाड्यापासून बौद्धवाड्यापर्यंत सर्वांस ठाऊक आहे. ठाऊक नव्हते ते फक्त कागद रंगविणारांस. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, कित्येक जिल्हा परिषदांचीही संपली, आणि मे २०२५ मध्ये न्यायालयाने 'निवडणुका घ्या' असे बजावीपर्यंत तेथे प्रशासकांचे राज्य चालू होते. कारणे इतरही होती. पण एका आकड्यावाचून गावचा माणूस गावच्या कारभारातून बाहेर राहतो, ही गोष्ट लहान नव्हे.

कोणी म्हणतील, २०११ साली सामाजिक-आर्थिक पाहणीत जात विचारली होतीच की. होय, विचारली होती. पण जातींची यादी न देता, सांगेल ते लिहून घ्या अशा रीतीने विचारली. कोणी जात सांगितली, कोणी पोटजात, कोणी कूळ, कोणी गोत्र, कोणी नुसते आडनाव. १९३१ साली ४,१४७ जाती होत्या, त्या २०११ साली ४६ लाखांहून अधिक नावांवर गेल्या, असे केंद्र सरकारनेच २०२१ साली न्यायालयात सांगितले, आणि ती माहिती बांधून ठेविली. बिहार सरकारने मात्र आधी यादी केली, मग मोजणी केली, आणि २ ऑक्टोबर २०२३ रोजी आकडे मांडले: अतिमागास ३६.०१ टक्के, मागास २७.१२, अनुसूचित जाती १९.६५, अनुसूचित जमाती १.६८, बाकीचे १५.५२. बिहार त्यायोगे फुटले नाही.

पन्नास टक्क्यांच्या मर्यादेबद्दल आम्हांस एक शंका विचारावीशी वाटते. १९९२ सालच्या निकालाने ही मर्यादा घातली. तिच्या आधारे २०२१ साली मराठ्यांच्या राखीव जागा रद्द झाल्या, २०२४ साली बिहारच्या ६५ टक्क्यांचा कायदा पाटण्याच्या उच्च न्यायालयाने मोडला. मात्र २०१९ साली आर्थिक दुर्बलांसाठी १० टक्के देताना ती मर्यादा आड आली नाही, आणि २०२२ साली तीन विरुद्ध दोन मतांनी ते वैध ठरले. गरिबास मदत मिळाली याचे आम्हांस दुःख नाही. पण त्या योजनेत दुर्बल म्हणून वर्षास ८ लाखांपर्यंत, म्हणजे महिन्यास ६६ हजारांहून अधिक मिळकत धरली. आमच्या या सभेत बसलेल्या किती जणांच्या बापाने एका महिन्यात एवढी रक्कम पाहिली आहे? दोर एकास ताठ आणि दुसऱ्यास सैल असा का, याचे उत्तर मागितले म्हणजे आम्ही न्यायालयाचा अवमान केला असे होत नाही.

आमच्याच मंडळींसही एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. ताटातील भाकरी कोणाची, यावर आपण घसे कोरडे करितो, आणि तेवढ्यात ताटच उचलले जाते. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यात खाजगी कंपन्यांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय निघाला. कंत्राटात राखीव जागा कोठून असणार? तो ऑक्टोबरात रद्द झाला, कारण सर्व जातींची पोरे मिळून रस्त्यावर आली. त्या दिवसांत मराठा कोण आणि माळी कोण, हे कोणी विचारले नाही.

आता कामाचे. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने येत्या खानेसुमारीत सर्वांची जात मोजण्याचे ठरविले, आणि १६ जूनच्या अधिसूचनेने १ मार्च २०२७ ही तारीख नेमली. सर्वांची म्हणजे पुढारलेल्यांचीही. ज्याची जात मोजली जात नाही त्याचाच वाटा झाकला राहतो. तेव्हा गणक दारी येईल त्या वेळी आईबापांनी काय सांगावे हे आपण आधी घरी जाऊन समजावले पाहिजे. आडनाव सांगू नये. मोठेपणासाठी जात चढवू नये आणि लाभासाठी उतरवूही नये. खानेसुमारीत कुणबी सांगितल्याने दाखला मिळत नाही आणि मराठा सांगितल्याने असलेला दाखला जात नाही. १९४८ च्या कायद्याप्रमाणे ती नोंद गुप्त असते, पुरावा म्हणून चालत नाही. ही भीती व हा लोभ दोन्ही खेड्यांत फार पसरविले जातील.

दुसरी गोष्ट ऊसतोडीची. बीडकडच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास घर सोडतात आणि हंगाम आटोपेपर्यंत कोल्हापूर, सातारा, कर्नाटकापर्यंत कोपीत राहतात. ऐन मोजणीच्या दिवसांत गावी म्हातारी माणसे आणि कुलूप! गावचा गणक म्हणणार, घर बंद आहे; कारखान्याकडचा म्हणणार, हे आमच्या गावचे नव्हेत. ज्यांना मोजण्यासाठी हा खटाटोप, तेच वगळले जाण्याचा संभव येथे सर्वांत अधिक आहे. वास्तविक नियम असा की, मोजणीच्या मुदतीत जो आपल्या घरी नसेल तो सापडेल तेथे मोजला जावा.

आपल्यापैकी ज्यांचे आईबाप उचल घेऊन कोयत्यावर जातात, त्यांनी मुकादमाचे नाव, कारखाना आणि तळाचा ठिकाणा लिहून द्यावा. हंगाम सुरू झाला की आम्ही ती यादी त्या त्या तहसील कचेरीत पोचती करू व पोच घेऊ. वही जेवणघराच्या दाराशी ठेविली आहे.