चार तास काम, पुरी मजुरी : कावेरीकाठच्या अपंगांचा लढा
(कामगार अभ्यासवर्गात केलेले भाषण)



अपंगांच्या रोजगाराच्या प्रश्नावर बोलावे असे मला सांगण्यात आले आहे. कायद्याची कलमे मी शेवटी सांगेन. आधी तुम्हाला तंजावरकडच्या गावांत नेतो, कारण तिथे हा प्रश्न आपल्या म्हणजे संघटनेच्या रीतीने लढवला गेला आहे.

तंजावर म्हटले की आपल्याला सरफोजीराजे आणि सरस्वती महाल आठवतो. याच भोसल्यांनी रामेश्वरच्या वाटेवर अन्नछत्रे बांधली. ओरत्तनाडचे मुक्तांबाळ छत्र त्यांपैकीच एक. पुण्याचे काम, यात वाद नाही. पण छत्रात जेवायला बसणारा आज काय शिजवावे हे सांगू शकत नसतो. अपंगांसाठीच्या आपल्या बहुतेक योजना अजून छत्राच्याच रीतीने चालतात. शिबिरात तीनचाकी वाटायच्या असतील तर तीनचाकी घ्यायची, मग घरापर्यंत तिला रस्ता असो वा नसो.

कावेरीचा त्रिभुज प्रदेश म्हणजे भातशेती. कुरुवै, सांबा, ताळडी असे भाताचे हंगाम, आणि मेट्टूर धरणाचे पाणी रीतीप्रमाणे 12 जूनला सोडायचे. कापणीला यंत्रे आली तसे भूमिहीन मजुराचे दिवस कमी झाले. धडधाकट माणसालाच काम अपुरे, तिथे अपंगाला कोण बोलावणार? अशा वेळी 2005 चा ग्रामीण रोजगार हमी कायदा आला. महाराष्ट्राला ही कल्पना नवी नव्हती. आपला रोजगार हमीचा कायदा 1977 चा.

कागदावर अपंगालाही तेवढाच हक्क होता. कामावर काय होते ते पाहा. कालव्यातला गाळ काढायचा आहे. गटाला माप ठरवून दिलेले असते. माप भरले तर पुरी मजुरी, कमी भरले तर सगळ्या गटाची मजुरी कमी. मग एका हाताने अधू असलेल्या माणसाला गट आपल्यात घेईल का? गँगमध्ये ज्यांनी काम केले आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. त्यात गटातली माणसे दुष्ट असतात असे नाही. मोजण्याची पद्धतच अशी की अपंग माणूस शेजाऱ्याला भार वाटावा.

यावर तोड निघाली ती 2012 साली. तामिळनाडू सरकारने शासन आदेश क्रमांक 52 काढला आणि अपंग मजुरांसाठी कामाचे माप वेगळे केले. चार तास काम, पुरी मजुरी. पाणी देणे, मुले सांभाळणे, हजेरीच्या कामात मदत करणे, रोपांना पाणी घालणे अशी कामे त्यांना द्यावीत असेही ठरले. मोजमापच बदलल्यामुळे गटावरचा भार गेला.

आदेश निघाला म्हणजे अंमल झाला असे होत नाही, हे तुम्हाला मला सांगायला नको. 'सर्व प्रकारच्या अपंगांच्या आणि त्यांची देखभाल करणाऱ्यांच्या हक्कांसाठीची तामिळनाडू संघटना' असे लांबलचक नाव असलेल्या संघटनेने गावोगावच्या लोकांना घेऊन सरकारी कचेऱ्यांपुढे ठाण मांडले आणि आदेश 52 पाळा ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. नाव लांब आहे, पण त्यात 'देखभाल करणाऱ्यांच्या' हा शब्द आहे, तो लक्षात ठेवा.

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने 2005 च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. 100 चे 125 दिवस झाले, पण बहुतेक राज्यांवर 40 टक्के खर्चाचा बोजाही आला. नव्या व्यवस्थेत चार तासांचे माप टिकवून घ्यावे लागेल. झगडून मिळवलेली गोष्ट नवा कागद येताना गळून पडते, हा अनुभव आपल्याला आहे.

आता या आदेशातली उणीवही सांगतो. हलक्या कामांची यादी सरकारने केली. त्यातले काम कोणते, हे मजुराला विचारायचे राहिले. दृष्टिहीन माणूस पाणी वाटण्यापेक्षा जोडीदाराबरोबर पाटी उचलायला राजी असेल. पायाने अधू असलेल्या बाईला मुले सांभाळण्यापेक्षा हजेरी लिहिणे जमेल. विचारल्याशिवाय कसे कळणार?

हीच गोष्ट मदतनिसाची. स्वीडनमध्ये 1994 पासून असा कायदा आहे की तीव्र अपंगत्व असलेल्याला मदतनिसाचे तास मंजूर होतात आणि मदतनीस कोण हे तो स्वतः ठरवू शकतो. ब्रिटनने 1996 साली रोख रक्कम थेट हाती देण्याचा कायदा केला. भारताने 2007 साली संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला मान्यता दिली. आपल्या 2016 च्या कायद्याच्या कलम 38 मध्ये जादा आधाराची गरज असणाऱ्याला अर्ज करण्याची सोय आहे. पण मदतनिसाचा पगार द्यायचा तर पैसा लागतो, आणि तिथेच गाडी अडते. बहुतेक घरांत हा मदतनीस म्हणजे बिनपगारी आई किंवा बायको.

तामिळनाडूने एप्रिल 2025 मध्ये आणखी एक पाऊल टाकले. प्रत्येक ग्रामपंचायतीवर एक अपंग सदस्य नेमण्याचा कायदा केला. तिथे ग्रामपंचायती 12 हजारांहून अधिक आहेत. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे 5 टक्के अपंगांसाठी खर्च करावेत असा 2018 चा नियम आहे. तिकडे खुर्ची, इकडे पैसा. दोन्ही एका गावात आले तर छत्राची रीत मोडायला सुरुवात होईल असे माझे मत आहे.

आता आपल्या घरात येऊ. रुळावर, यार्डात, टपाल वाटताना रस्त्यावर आपली माणसे अपंग होतात. 2016 च्या कायद्याचे कलम 20 सांगते की नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कोणाला काढता येत नाही आणि त्याची श्रेणीही उतरवता येत नाही. जुन्या पदावर काम जमत नसेल तर त्याच वेतनाचे दुसरे पद द्यायचे. ते नसेल तर जादा पद निर्माण करायचे. 1995 च्या कायद्यातही हे होते आणि सर्वोच्च न्यायालयाने 2003 साली कुणाल सिंग खटल्यात ते ठामपणे मान्य केले.

म्हणजे मेडिकल डिकॅटेगराइज झालेल्या ट्रॅकमनची नोकरी वाचते. पण त्याला कोपऱ्यात स्टुलावर बसवून ठेवतात, हातात काम नाही, आणि आपण म्हणतो, नशीबवान आहे, बसून पगार घेतो! वीस वर्षे रूळ ओळखणाऱ्या माणसाला, तुला काय करता येईल, असे ना साहेबाने विचारले, ना आपल्या शाखेने.

म्हणून शाखांना माझी सूचना. आपल्या भागातल्या अशा प्रत्येक सहकाऱ्याला भेटा. त्याला कोणते काम हवे, कोणते साधन हवे, ड्यूटीची वेळ कोणती जमेल, हे त्याच्याच शब्दांत लिहून घ्या आणि पीएनएमच्या किंवा टपालाच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर नावानिशी घाला, अर्थात त्याची संमती घेऊन. कलम 23 प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी हवा आणि तक्रारीची चौकशी दोन आठवड्यांत व्हायला हवी. तुमच्या डिव्हिजनमध्ये तो कोण आहे ते विचारा. ज्यांच्या घरी अपंग मूल किंवा जोडीदार आहे त्यांना नेहमीच्या बदल्यांतून सूट देण्याचे केंद्राचे आदेश 2014 पासून आहेत. प्रशासकीय अडचणीची पळवाट त्यात आहे, तेव्हा अर्ज लेखी द्या आणि नकारही लेखीच मागा. पुढच्या अभ्यासवर्गाला या विषयावर माझ्याऐवजी त्या सहकाऱ्यांपैकी कोणाला तरी बोलवा.