निवडणूक, उमेदवार आणि रोजगाराचा आकडा
(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत बुद्ध आणि परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस वंदन करून आम्ही चार शब्द बोलणार आहोत. आम्ही काही विद्वान नाही. गिरणीत पाळी करावी, घरी येऊन वर्तमानपत्र वाचावे, रविवारी जुन्या पुस्तकांच्या ढिगातून चार-दोन पुस्तके आणावीत, असे जे शिक्षण झाले तेवढेच आमच्या गाठी आहे. समितीने विषय विचारला तेव्हा आम्ही म्हटले, निवडणुकीत रोजगाराचे आकडे फेकले जातात त्यावर बोलू. काही जण म्हणाले, हा विषय रूक्ष आहे. आमचे म्हणणे असे की ज्या घरात जवान पोरगा बसून आहे त्या घराला हा विषय रूक्ष वाटत नाही.

निवडणूक आली की वस्तीत रिक्षा फिरतात, कर्णे वाजतात आणि आकडे येतात. २०२४ साली तर आकड्यांचा पाऊसच पडला. एका बाजूचे म्हणायचे, तीन-चार वर्षांत आठ कोटी नवे रोजगार झाले, हे रिझर्व्ह बँकेच्या अहवालात आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणायचे, देशातले त्र्याऐंशी टक्के तरुण बेकार आहेत, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सांगितले आहे. एका कोपरा सभेत आम्ही उभे होतो. पुढे बसलेली एक बाई उठली आणि म्हणाली, "ओ साहेब, तुमचे कोटी आणि टक्के राहू द्या. माझा पोरगा आयटीआय करून दोन वर्षं घरी हाय. तो तुमच्या कोणत्या आकड्यात हाय ते सांगा." वक्ता हसला आणि पुढच्या मुद्द्यावर गेला. पण बंधूंनो, त्या सभेतला खरा प्रश्न तोच होता. त्याचे उत्तर आपण आज शोधू.

आधी ते दोन आकडे तपासू. आठ कोटींचा आकडा खोटा नव्हे, रिझर्व्ह बँकेच्या माहितीत तो आहे. पण ती बँक काही दारोदार माणसे मोजत नाही. तिचा हिशेब मुख्यतः सरकारच्याच घरोघरच्या पाहणीवर बांधलेला असतो. त्या पाहणीत शेतावर, दुकानात, गाडीवर घरच्यांना बिनपगारी हात लावणारा माणूससुद्धा रोजगारातच धरतात. म्हणजे आठ कोटी रोजगार हे आठ कोटी पगार नव्हेत.

आता त्र्याऐंशी टक्के. हा आकडा मार्च २०२४ मध्ये आलेल्या अहवालातला, तोही खरा. पण त्याचा अर्थ काय? देशात जे बेकार आहेत त्या शंभरांपैकी त्र्याऐंशी तरुण आहेत. शंभर तरुणांपैकी त्र्याऐंशी बेकार, असा त्याचा अर्थ नाही. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपला गडी व्यासपीठावरून उलटे सांगत असेल तरी आपण टाळी वाजवू नये. तोच अहवाल सांगतो की २००० साली बेकारांमध्ये शिकलेल्या तरुणांचा वाटा ५४.२ टक्के होता, तो २०२२ साली ६५.७ टक्के झाला. ही गोष्ट आपल्याला जास्त लागू आहे. बाबासाहेबांच्या सांगण्यावरून आपण पोटाला चिमटा घेऊन पोरे शिकवली. शिकलेल्यालाच काम मिळत नाही, ही जखम आपल्या घरात आहे.

आता बेकारी मोजतात कशी ते साध्या भाषेत सांगतो. सरकारचा माणूस घरी येतो आणि प्रत्येकाला तीन कप्प्यांपैकी एकात टाकतो. काम करतो तो पहिला. काम नाही पण शोधतो आहे, तो दुसरा, म्हणजे बेकार. काम नाही आणि शोधतही नाही, तो तिसरा. बेकारीचा टक्का काढताना पहिला आणि दुसरा कप्पा एकत्र करतात आणि त्यातले दुसरे किती ते बघतात. तिसरा कप्पा हिशेबातच नाही.

त्या बाईच्या पोराकडे वळू. तो रोज अर्ज करत असेल तर बेकार. अर्ज करून, परीक्षा देऊन, पेपर फुटल्याच्या बातम्या वाचून तो कंटाळला आणि शोधणे सोडले, तर तो तिसऱ्या कप्प्यात गेला आणि देशातला एक बेकार कमी झाला! मामाच्या भाजीच्या गाडीवर तो फुकट उभा राहू लागला, तर तो थेट पहिल्या कप्प्यात, रोजगारवाला! पोरगा तोच, घर तेच, खिसा तसाच रिकामा. कप्पा तेवढा बदलला.

आमच्या गिरणीतल्या माणसांना हे लगेच कळेल. आम्ही लागलो ते बदली कामगार म्हणून. हातात पास होता, नाव कागदावर होते. रोज पाळीच्या वेळी गेटवर जाऊन उभे राहायचे. कायम कामगार गैरहजर असेल तर आत घेणार, नाहीतर डबा तसाच परत. महिन्यात किती दिवस भरतील याचा नेम नसे. घरी विचारले तर आई सांगायची, "पोरगा गिरणीत हाय." सांगताना तिचा ऊर भरून यायचा, पण वाण्याची उधारी काही फिटत नसे. वर्षाच्या हिशेबाच्या ज्या पद्धतीने हे टक्के जाहीर होत आले, त्यात वर्षभरात तीस दिवस काम केले तरी माणूस कामातला धरत. आठवड्याच्या हिशेबात सात दिवसांत एक तास काम पुरते. २०२५ पासून दर महिन्याला जो टक्का जाहीर होऊ लागला तो या आठवड्याच्या हिशेबाचा. म्हणून वर्षाचा आणि महिन्याचा टक्का शेजारी ठेवून कुणी तुलना करू लागला तर त्याला थांबवा.

ही मोजदाद लबाडीची आहे, असे आम्ही म्हणत नाही. जगभर साधारण याच रीतीने मोजतात. आमचे म्हणणे एवढेच की एकच आकडा घेऊन नाचू नये. सरकारी पाहणीप्रमाणे २०१७-१८ मध्ये बेकारी ६.१ टक्के होती, ती २०२३-२४ मध्ये ३.२ टक्के झाली. सत्तेतला माणूस हे सांगणारच, आणि ते खरे आहे. पण त्याच पाहणीचे पुढचे पान उलटा. काम करणाऱ्या शंभरांत घरच्या धंद्यात बिनपगारी हात लावणारे १३.६ होते, ते १९.४ झाले. नियमित पगारवाले २२.८ होते, ते २१.७ झाले. बेकारी जवळजवळ निम्म्यावर आली, पण पगारवाल्यांचा वाटा वाढला नाही. दोन्ही पाने वाचली तरच चित्र पुरे होते.

आता २०१९ ची गोष्ट. ती प्रत्येक मतदाराने लक्षात ठेवावी. २०१७-१८ ची ती पाहणी पुरी झाली. राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाने डिसेंबर २०१८ मध्ये अहवालाला संमती दिली. तरी तो बाहेर येईना. जानेवारी २०१९ च्या अखेरीस आयोगाचे प्रभारी अध्यक्ष पी. सी. मोहनन आणि सभासद जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले. दोन-तीन दिवसांतच एका इंग्रजी वर्तमानपत्राने ६.१ टक्के हा आकडा छापला. सरकारकडून सांगण्यात आले, अहवाल अजून कच्चा आहे. एप्रिल-मे महिन्यात मतदान झाले, २३ मे रोजी निकाल लागला आणि ३१ मे रोजी अहवाल जाहीर झाला. आकडा तोच, ६.१ टक्के. नवी पद्धत आहे, जुन्याशी तुलना करू नका, असा सरकारचा खुलासा होता, आणि त्यात काही तथ्यही होते. पण मग तो खुलासा मतदानाच्या आधी करायला काय हरकत होती? लोकांनी दोन्ही बाजू ऐकून ठरवले असते.

हे एकाच पक्षाचे दुखणे नाही. २००९-१० च्या पाहणीत रोजगार फारसा वाढला नाही असे दिसले तेव्हा त्या वेळच्या सरकारमधल्यांनाही ते रुचले नव्हते. दुष्काळाचे वर्ष होते म्हणून २०११-१२ मध्ये पुन्हा पाहणी झाली. आरसा कुणाच्याही हातात असो, तोंड वाकडे दिसले की आरशावर राग निघतो.

एकूण आकडा काय लपवतो याचा धडा आपल्या बापजाद्यांनी मुंबईच्या गिरण्यांत घेतला आहे. गिरण्यांत कामगार किती, असे विचारले तर लाखाच्या वर आकडा यायचा आणि त्यात आपली माणसेही होती. पण कोणत्या खात्यात? विणकाम खात्यात, साच्यांवर, जिथे मजुरी जास्त, तिथे अस्पृश्यांना शिरू देत नसत. कारण काय, तर कांडी बदलताना धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे आणि त्याचा विटाळ होई! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना हाच प्रश्न केला. संप सगळ्यांचा, मग साचे सगळ्यांचे का नाहीत? एकूण आकड्याच्या आत शिरून आमची माणसे कुठे आहेत असे विचारणे, ही बाबासाहेबांची रीत. आपणही तेच विचारायचे. नोकऱ्या किती हे विचारा, आणि लगेच पुढे विचारा की कायम किती, कंत्राटी किती, राखीव जागांपैकी भरल्या किती, रिकाम्या किती.

कंत्राटाचे नाव निघाले म्हणून सांगतो. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी नोकरभरतीचा निर्णय काढला. तरुण रस्त्यावर आले आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. सत्ताधारी म्हणाले, हे आधीच्यांचे पाप. आधीचे म्हणाले, सही तुमची. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी युवा कार्यप्रशिक्षण योजना आली. बारावीवाल्याला महिना ६ हजार, आयटीआय-पदविकावाल्याला ८ हजार, पदवीधराला १० हजार, मुदत सहा महिने. पुढे मुदत अकरा महिने केली. ज्याच्या घरात ते पैसे आले त्याला आम्ही नावे ठेवणार नाही. सहा हजारांत एखाद्या घराचा किराणा भरतो. पण ते प्रशिक्षण आहे, नोकरी नव्हे. उमेदवार तिला नोकरीच्या आकड्यात धरत असेल तर त्याला तिथेच अडवले पाहिजे. त्याच २०२४ साली पोलीस भरतीच्या १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांहून जास्त अर्ज आले. पहाटे मैदानावर धावणारी आपली पोरे आणि पोरी त्यातच होती.

मग आपण करायचे काय? नुसते बोलून उपयोग नाही. आम्ही तीन कामे सुचवतो.

पहिले काम, आपली मोजणी आपण करायची. महिला मंडळ आणि तरुणांनी मिळून घरटी एक कागद भरावा. अठरा वर्षांवरील प्रत्येकाचे शिक्षण काय, काम काय, महिन्यात दिवस किती भरतात, पगार रोख की बँकेत, प्रॉव्हिडंट फंड कापतात का, नेमणूक कायम की ठेकेदाराची, आणि काम शोधणे सोडले असेल तर का सोडले. शेवटचा प्रश्न विसरू नका, कारण तो सरकारी टक्क्यात दिसत नाही. बायांना विचारताना "घरीच असते" यावर थांबू नका. ती पिको-फॉल करते का, डबे करते का, ते लिहा. कागदावरची नावे बाहेर जाता कामा नयेत, फक्त बेरीज बाहेर जावी.

दुसरे काम, उमेदवाराचे शपथपत्र वाचायचे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२-२००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला त्याच्यावरचे गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण लिहून द्यावे लागते. विधानसभा-लोकसभेच्या उमेदवाराला स्वतःच्या आणि जोडीदाराच्या उत्पन्नाचे साधनही लिहावे लागते. तरुणांनी ते मोबाईलवर काढावे आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावे. आपल्याला रोजगार देतो म्हणणाऱ्याचा स्वतःचा रोजगार काय, हे कळलेच पाहिजे.

तिसरे काम, सगळ्या उमेदवारांना एका मंचावर बोलवायचे. विहारात नाही. आचारसंहितेप्रमाणे प्रार्थनास्थळाचा प्रचारासाठी वापर करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. रीतसर परवानगी काढून मैदानात बोलवू. सगळ्यांना तेच प्रश्न, तेवढाच वेळ. आपल्या मोजणीची बेरीज त्यांच्या हातात द्यायची आणि विचारायचे, यातल्या कोणत्या ओळीवर तुम्ही काय करणार, किती दिवसांत करणार. उत्तर लिहून घ्यायचे. जो येणार नाही त्याची खुर्ची रिकामी ठेवायची. निळा झेंडा लावून आला म्हणून कुणाला प्रश्न कमी विचारायचे नाहीत.

काही बांधव म्हणतील, आपल्या मतांनी असे काय होणार? बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले होते की राजकारणात आपण समान होऊ, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील, आणि हा विरोध लवकर दूर केला नाही तर लोकशाहीचा डोलाराच धोक्यात येईल. त्याच भाषणात राजकारणातल्या भक्तीपासूनही त्यांनी सावध केले होते. मत आपल्या हातात आले, पण काम आले नाही. ज्याच्या हातात काम नाही त्याचे मत पाचशेच्या नोटेला आणि एका रात्रीच्या जेवणाला विकत घ्यायला लोक टपलेले असतात. म्हणून रोजगाराचा प्रश्न हा पोटाचा आहे तसाच स्वाभिमानाचाही आहे.

मोजणीचे कागद पुढच्या पौर्णिमेला विहारात ठेवले जातील. गल्लीप्रमाणे दोन-दोन कार्यकर्ते हवे आहेत, त्यांत एक तरी बाई हवी. ज्यांची तयारी असेल त्यांनी सभा संपल्यावर समितीकडे नाव द्यावे. पहिल्या गल्लीसाठी आमचे नाव लिहून घ्यावे.



जयभीम! नमो बुद्धाय!